सत्ताविसावी चाल

लोहारा,
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय बुद्धघोष,

अक्षर ओळखलं असशील तर पत्र लगेच फाडू नकोस. अठ्ठावीस वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आता पानंच्या पानं लिहायला बसलोय, म्हणजे याचं काहीतरी काम असणार असं तुला वाटेल. काम आहेच. पण ते एकदम सांगायला हात धजत नाही, म्हणून आधी इकडचं तिकडचं लिहितो. तू पहिल्यापासून ऐकून घेणारा आणि मी बडबडणारा. एवढं तरी अजून तसंच आहे असं धरून चालतो. आपली मैत्री मी मोडली. ती पुन्हा जुळते का, हे विचारायचा धीर गोळा करतोय, असं समज.

मी लोहाऱ्यातच आहे. गणित शिकवतो. डोक्यावरचे केस गेले, आवाज तेवढा राहिला. गेल्या वर्षी शाळेत बुद्धिबळाचा तास सुरू करायचं ठरलं, तेव्हा आमच्या मुख्याध्यापिका हर्षालीबाई यांनी सगळ्या शिक्षकांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. गणितवाल्याला बुद्धिबळ येतंच असा त्यांचा समज. मीही मोठ्या तोऱ्यात सांगून टाकलं की, बाई, मी विभागीय स्पर्धा खेळलोय. कुणाच्या जागेवर खेळलो ते काही सांगितलं नाही. त्यामुळं जिल्ह्याच्या ठिकाणी ग्रँडमास्टरचं दोन दिवसांचं शिबिर आहे म्हटल्यावर शाळेतून नाव गेलं ते माझंच.

आठ तारखेला सकाळच्या एसटीनं धाराशिवला गेलो. (तू इथून गेलास तेव्हा उस्मानाबाद होतं. मी अजून तिकीट काढताना चुकतो आणि कंडक्टर माझ्याकडं म्हाताऱ्याकडं बघावं तसं बघतो.) ग्रँडमास्टर म्हणजे कुणी भारदस्त गृहस्थ असेल अशी माझी कल्पना. निघालं चोवीस वर्षांचं पोरगं, पायात चप्पल, सर्दीनं हैराण, दर पाच मिनिटांनी नाक पुसतंय. पण बोलायला लागला आणि साठ माणसांत चिडीचूप झालं. सुरुवातीच्या चाली घरी पाठ करा, म्हणाला, मी दोन दिवस फक्त डावाचा मध्य आणि डावाचा शेवट शिकवणार. मध्यावर काय खेळावं ते सुचेनासं झालं की मनातल्या मनात सगळी मोठी मोहरी उचलून बाजूला ठेवायची आणि नुसती प्यादी बघायची. शेवटी काय उरणार ते तिथं दिसतं, आणि मग आत्ता कुठलं मोहरं द्यायचं, कुठलं राखायचं तेही कळतं. मी वहीत लिहून घेत होतो आणि मला सारखे आबाकाका आठवत होते. इंग्रजी शब्द सोडले तर तुझे वडील आपल्याला वेगळं काय सांगायचे?

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आधी मी तुमच्या गल्लीत कधी पाऊल टाकलं नव्हतं. टाकायची पद्धत नव्हती, हे तुलाही माहीत आणि मलाही. भूकंपानंतर आपलं सगळं सास्तूर गाव पत्र्याखाली आलं आणि आमचा शेड नेमका तुमच्या शेडला लागून पडला. चौदा वर्षांचे होतो आपण. शाळा नीट भरत नव्हती, मोठी माणसं दिवस दिवस एका जागी बसून असायची. तेव्हा एके दिवशी आबाकाकांनी टपालाच्या पिशवीतून पट काढला. ढिगाऱ्यातून निघालेला. एक काळा हत्ती नव्हता, त्याच्या जागी औषधाच्या बाटलीचं बूच. आपण दोघं त्या बुचाला इतके सरावलो की पुढं खरा हत्ती मिळाला तेव्हा तो परका वाटायला लागला. मालनकाकू चहा द्यायच्या. मी प्यायचो आणि घरी सांगायचो नाही. एकदा आई मला शोधत थेट तुमच्या शेडच्या तोंडाशी आली, तेव्हा तू माझ्या हातातला कप काढून आपल्या हातात घेतलास आणि पटावरची नजरसुद्धा हलवली नाहीस. इतक्या वर्षांत ही गोष्ट मला कधी आठवली नव्हती. त्या दिवशी शिबिरात, वही लिहिता लिहिता, आठवली.

तुझ्याशी खेळणं म्हणजे छळ होता, हे आजही ठणकावून सांगतो. तू एक चाल करेपर्यंत मी जाऊन बैलांना पाणी पाजून परत यायचो. मी वैतागलो की आबाकाका म्हणायचे, “घाई कुणाला हाय रं बलभीमा? पट काय उठून पळून चाललाय व्हय?” माझा खेळ सरळ होता. समोर दिसलं की मार. त्यात आपल्या पारावरचा नियम माझ्या बाजूचा: समोरच्याचा राजा एकटा उरला की तो हरला, मात करायचीही गरज नाही. पुढं घरं बांधायला आलेल्या पुण्याच्या एका पोराकडून आबाकाकांनी आंतरराष्ट्रीय नियमांचं पुस्तक मिळवलं. तू ते सुट्टीभर वाचत बसलास. मी चित्रं बघून परत केलं. “पारावरचा नियम पारावर ठिवा. भाईर त्यो चालत न्हाय,” असं त्यांनी आपल्या दोघांनाही बजावलं होतं. तू ते मनावर घेतलंस आणि मी हसण्यावारी नेलं.

तर शिबिराच्या पहिल्या दिवशी, दुपारच्या चहानंतर, त्या ग्रँडमास्टर पोरानं पडद्यावर चारच मोहरी मांडली. पांढऱ्याचा राजा, एक उंट आणि अगदी कडेचं, हत्तीपुढचं प्यादं. काळ्याचा नुसता राजा, कोपऱ्यात. कोण जिंकतंय, असं त्यानं विचारलं. सगळ्यांत आधी हात वर केला मी आणि म्हणालो, पांढरा. तो हसला. प्यादं ज्या घरात पोचून वजीर होणार ते घर काळं आहे, म्हणाला, आणि उंट आहे पांढऱ्या घरांवरून फिरणारा. त्या कोपऱ्यातून काळ्या राजाला हुसकावणारं कुणीच नाही. जन्मभर खेळत बसलात तरी बरोबरीच. मग त्यानं सांगितलं की उद्या ज्याला जमेल त्यानं स्वतःचा एखादा जुना डाव घेऊन या. मी वही मिटली आणि परतीच्या गाडीत लोहारा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो. शेजारी बसलेल्या मास्तरांना वाटलं मला गाडी लागली.

पडद्यावरचा तो शेवट आपल्याच एका डावाचा होता. सत्याण्णवचा जानेवारी, जिल्ह्याची निवड स्पर्धा, शेवटची फेरी, आणि समोरासमोर आपण दोघं, मी पांढरी मोहरी, तू काळी. पहिल्या नंबरासाठी तुला बरोबरीचा अर्धा गुण पुरणार होता, मला पूर्ण हवा होता. पहिल्यापासून मी तुझी प्यादी खात आलो. एकतिसाव्या चालीला तू तुझा शेवटचा घोडा माझ्या प्याद्यावर टाकलास तेव्हा मी गालातल्या गालात हसलो. म्हटलं, घाबरलं बेणं. दोन चालींनंतर तुझा राजा पटावर एकटा होता. माझ्या लेखी डाव तिथंच संपला. पारावर असतो तर मी पट आवरून घरी गेलो असतो. आणि तू कोपऱ्यात जाऊन दोन घरांत येरझारा घालायला लागलास. पन्नास चाली घातल्यास. पंच आले आणि पुस्तकातल्या पन्नास चालींच्या नियमानं बरोबरी म्हणाले. तू पहिला आलास. त्यानंतर मी काय केलं ते तुला ठाऊक आहे, मी ते शेवटी लिहीन. तू विभागीय स्पर्धेला गेला नाहीस, तब्येत बरी नाही असं कळवलंस. दुसऱ्या नंबराचा म्हणून तुझ्या जागी मी गेलो आणि पहिल्याच दिवशी सपाटून मार खाऊन परत आलो.

त्या डावाच्या नोंदीचा कागद मी आजवर जपून ठेवलाय. प्रेमानं नव्हे. माझ्यावर अन्याय झाला याचा पुरावा म्हणून. रविवारी तो खिशात घालून गेलो तेही तुझं कौतुक करायला नाही, हे कबूल करतो. शेवट बरोबरीचा होता हे आदल्या दिवशी कळलंच होतं. आता मला एवढंच ऐकायचं होतं की तुझं नशीब उघडायच्या आधी मी कुठं कुठं जिंकत होतो. शेहेचाळिसाव्या वर्षीही माझी हौस फिटली नव्हती बघ. त्या पोरानं डाव पडद्यावर भराभर चालवला आणि सत्ताविसाव्या चालीला थांबला. तिथं तू आपला उंट देऊन माझा काळ्या घरांचा उंट घेतला होतास. मला तेव्हा ती साधी उंटाला उंट अशी मारामारी वाटली होती. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला की काळ्यानं शेवट इथंच बघितलाय. ज्या उंटाला तो कोपरा सापडला असता तोच उंट त्यानं पटावरून काढला. मग हत्ती उतरवले. मग घोडा टाकून घोड्यापुढचं प्यादं घेतलं, कारण ते उरलं असतं तर पांढरा जिंकत होता. आणि कडेचं प्यादं मुद्दाम राहू दिलं. दोन दिवस मी जे सांगतोय ते सगळं या एका डावात आहे, म्हणाला, आणि हा खेळणारा सतरा वर्षांचा, कुणी कोच नसलेला मुलगा? सगळ्या खोलीनं टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं, बुद्धघोष. आधी आलं ते अभिमानानं, की हा माझ्या शेजारच्या शेडमधला. नंतर आलं ते दुसऱ्या कारणानं. तू घाबरला नव्हतास आणि नशिबानंही वाचला नव्हतास. तू सत्ताविसाव्या चालीला जे बघितलंस ते मला दिसायला अठ्ठावीस वर्षं लागली.

काल सास्तूरला गेलो होतो. आई-वडील गेल्यापासून आमचं तिथलं घर कुलपातच असतं, आणि भूकंपानंतर वसलेल्या नव्या गावात आमचं घर एका टोकाला, तुमचं दुसऱ्या, म्हणून त्या बाजूला जायचं मला नेहमी टाळता आलं. आबाकाका बाजेवर बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होते. ऐंशी ओलांडली, पण मला लांबूनच ओळखलं. “बलभीमा, ये की,” म्हणाले, जसं काही मी परवाच येऊन गेलो होतो. माझी मान वर होईना. तुझा फोन नंबर देऊ का म्हणाले, मी म्हटलं, काका, पत्ता द्या. त्यांनी चष्मा लावून स्वतःच्या हातानं नांदेडचा पत्ता लिहून दिला, पिनकोडसकट. तीस वर्षं टपाल वाटलेला माणूस. कशाला पाहिजे ते विचारलं नाही. मी निघताना एवढंच म्हणाले, “पोरगं सणाला येतंय, दोन दिस ऱ्हातंय. पर पटाला हात लावत न्हाय. म्या काढला की उठून भाईर जातंय.” त्यानंतर मी स्टँडवर जाऊन बसलो आणि लोहाऱ्याच्या दोन गाड्या समोरून गेल्या तरी चढलो नाही.

आता कामाचं लिहितो. त्या रविवारी टाळ्या थांबल्यावर ग्रँडमास्टरनं मला विचारलं, सर, ही काळी मोहरी खेळणारे आता कुठं खेळतात? मी म्हणालो, त्यानं खेळ सोडला. त्यानं विचारलं, का? साठ माणसं माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, नोकरी लागली. लोक हळहळले आणि पुढचा डाव सुरू झाला. खरं उत्तर मला येत होतं. ते आज पूर्ण लिहितो, कारण लपवून मागितलेली माफी ही माफी नसते. पंचांनी बरोबरी दिल्यावर तू उभा राहून हात पुढं केलास. मी तो घेतला नाही. आबाकाका तुझ्या खुर्चीमागं उभे होते, अख्खा जिल्हा ऐकत होता, आणि मी म्हणालो, “तुमा लोकास्नी काय न करता अर्धं मागायची सवयच हाय.” ‘तुला’ म्हणालो नाही, ‘तुमा लोकास्नी’ म्हणालो. ते डावाबद्दल नव्हतं, हे तुला तिथंच कळलं, आबाकाकांना कळलं, आणि मलाही कळलं होतं; रागाच्या भरात निघून गेलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. तुझा खेळ नोकरीनं थांबवला नाही, मी थांबवला. मला माफ कर, असं लिहितो आणि करायचं की नाही ते तुझ्यावर सोडतो. पुढच्या महिन्यात मी नांदेडला येऊ का? ये म्हणालास तर तुझ्या दारात उभा राहून आधी मी हात पुढं करीन. तू तो घेतला नाहीस तर एक शब्द न बोलता परतीची गाडी धरीन.

तुझाच
(हा शब्द खोडायचा असेल तर तू खोड, मला लिहिल्याशिवाय राहवलं नाही)
बलभीम