जगनने लिहून ठेवलेल्या पायऱ्या

हिंगोली,
२२ फेब्रुवारी २००९

प्रिय जगन,

सव्वा वर्षात तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज एकदम पत्र, म्हणून दचकू नकोस. ई-मेल तू न वाचताच पुसला असतास. कागद फाडण्याआधी माणूस निदान चाळतो तरी.

आज रविवार, संस्थेच्या कचेरीत मी एकटाच आहे. तुझ्या खणातलं ते पान काढलं. सर्व्हरचं कुलूप पक्कं आहे का, वाटेत कुणी मजकूर वाचू शकतं का, हे तपासणारा प्रोग्राम बसवायच्या पायऱ्या, तुझ्या त्या तिरक्या अक्षरात. कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर मी ऑक्टोबर २००७ची बॅकअप सीडी उतरवली, म्हणजे सर्व्हर तेव्हा होता तसाच उभा केला, आणि काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा टाइप करत बसलो. तिसऱ्या पायरीपुढे तू लिहिलंयस, 'आधी ही लायब्ररी टाक, न्हाईतर रुसून बसतंय.' मी शहाणा, त्या जोड-फायली न टाकताच थेट चौथीवर गेलो. पडदाभर चुका आल्या. हसू आलं, आणि टाळी द्यायला हात पुढे केला तर शेजारची खुर्ची रिकामी. फार वाईट वाटलं रे.

तू तेव्हा संस्थेच्या परीक्षेआधी महिनाभर माझ्या मागे लागला होतास. 'कुलूप लावलं म्हंजे झालं न्हाई, वढून बी पाहावं लागतंय.' मी आज-उद्या करत राहिलो. आपल्याकडून पेपर नेटवरून केंद्रांवर जायचे आणि जवळा बाजारच्या केंद्रावरचा कॉम्प्युटर आपल्या आजोबांच्या वयाचा. तिथल्या गंगूताई रोज सकाळी फोन करायच्या, 'बाबा, पान उघडूनच न्हाई राहिलं!' त्या डब्याला नव्या पद्धतीचं कुलूप कळतच नव्हतं. तू दोन दिवस पुसेगावला गेला होतास, तेव्हा मी त्यांच्यासाठी जुनी, कच्ची पद्धतही चालू करून दिली. म्हटलं, दोन दिवसांपुरतं. गंगूताईंनी खुशीनं शेंगदाण्याचे लाडू पाठवले. ते तू आल्यावर आपण दोघांनी खाल्ले, आणि ती पद्धत बंद करायची मी विसरलो. तुला सांगायचंही राहिलं.

मग पेपर फुटला. पासवर्ड आपल्या दोघांकडेच, पण मला कुणी काही विचारलं नाही. माझ्यामागे बाबांची तीस वर्षांची कारकुनी होती, घर देवळाच्या गल्लीत होतं. तुझ्याबद्दल मात्र चहाच्या वेळी कुणीतरी म्हणालं, 'तांड्यावरचं पोरगं, अजून काय होणार?' कप माझ्या हातात होता. मी तो पिऊन संपवला.

तुझे बा संस्थेच्या निकालासाठी थांबले नाहीत. फुलसिंगबांनी आपल्या लेकाची गोष्ट स्वतःहून तांड्याच्या नायकापुढे ठेवली आणि मला हिंगोलीहून बोलावून घेतलं. सगळ्यांसमोर म्हणाले, 'तुमी याच्या संग काम करता. माझ्या पोरानं केलं का न्हाई, येवढंच सांगा. तुमचं मी मानतो.' मी म्हणालो, मला काही माहीत नाही. तू माझ्याकडे पाहिलंस. दुसऱ्या दिवशी तू बॅग घेऊन पुण्याच्या गाडीत बसलास.

गेल्या महिन्यात बा गेले. तू आलास, तिसरा दिवस करून परत गेलास, हिंगोलीत उतरलासही नाहीस. तू गेल्यावर मी तांड्यावर जाऊन आलो. तुझ्या आईनं, याडीनं पाणी दिलं, बसायला गोधडी टाकली. म्हणाली, बा तुझं नाव कधी काढत नव्हते, पण एसटीचा आवाज आला की दारात येऊन उभे राहायचे. आणि मग अगदी साधेपणानं विचारलं, 'तुमाला बी माहीत न्हाई, तर मग कोणाला माहीत असंल, बाबा?'

तपासणी आत्ताच संपली. खालच्या चार ओळींत ती कच्ची पद्धत उघडी दिसते आहे. पेपर नेमका कुणी नेला ते हा प्रोग्राम सांगत नाही, पण वाटेत तो कुणालाही वाचता आला असता, एवढं सांगतो. हाच निकाल मी आज पहिल्यांदा पाहत नाही, जगन. नायकापुढे उभं राहण्याच्या आदल्या दुपारी मी तुझ्याच पानावरून हा प्रोग्राम बसवला होता. ह्याच चार ओळी पाहिल्या, कच्ची पद्धत बंद केली, निकाल पुसला, प्रोग्रामही काढून टाकला. 'माहीत नाही' म्हणालो तेव्हा मला माहीत होतं. आता निकालाची छापील प्रत आणि माझ्या सहीचा कबुलीजबाब उद्या संस्थेत देतो आहे. दुसरी प्रत होळीला सगळा तांडा जमेल तेव्हा नायकापुढे मी स्वतः वाचणार आहे. तू आलास तर तुझ्यासमोर, नाही आलास तर याडीसमोर. ज्या एका माणसानं माझं मानलं असतं, तो मात्र ऐकायला नसेल.

'तुझाच' लिहायचा हक्क राहिला नाही म्हणून नुसता,
स्वानंद