चंदाच्या वाटेवरचा नाला

१२ मार्च १९५५

होळी गेली. चंदा आली नाही. दिवाळीला नाही, संक्रांतीला नाही, आता होळीलाही नाही! पोरगी सासरी दिली की काळ्या पाण्यावर पाठवली?

निरोप घेऊन या वेळीही तिच्या गावचा झिंगूच आला. अंगणात उकिडवा बसून म्हणतो, "रस्ता लयच खराब हाये, केवळरामभाऊ. नाल्यात गोटेच गोटे. गाडा मोडते. तुमी येऊ नोका. रस्ता झाला का चंदाबाई येतेच."

कोणाला सांगतो! लढाई संपल्यापासून मी ट्रक हाकतो. जंगलातली लाकडं काय उडत येतात धानोऱ्याला? नाला आडवा येत असेल तर गाडी उंच करीन, पण पोरीला आणीन. ठरलं.

१४ मार्च

गाडीखाली झोपून पाहिलं. अडचण एकच – इंजिनाच्या तेलाचं चेंबर. खाली लोंबतं मेलं! गोट्यावर आपटलं की फुटलं, तेल गेलं, मग बसा वाघाशी गप्पा मारत. वीतभर तरी वर गेलं पाहिजे.

लटारू लोहार म्हणाला, "आसाच्या न् पाट्यांच्या मंधात लोखंडी ठोकळे टाकून देतो. लंबे बोल्ट कसतो. परवा गाडी घेऊन जा." पाटे म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा; त्या वर गेल्या की गाडीच वर. स्वस्तात काम. मला पसंत.

गोकुळा म्हणते, "एवढं करण्यापक्षा पायी जाऊन या ना." पायी! आणि येताना पोरीला चालवत आणू? बापाच्या दारात ट्रक असताना?

१७ मार्च

लाकडांची खेप घेऊन चांदा शहरात गेलो होतो. तिथल्या मिस्त्रीने ठोकळ्यांचं नाव ऐकूनच कपाळाला हात लावला. "पुढच्या आसावर ठोकळा? उतारावर बिरेक मारसान न् ठोकळा सरकन. मंग चाक इकडं न् गाडी तिकडं!"

म्हटलं, मग करू काय?

"नागपूरचे नवे पाटे टाका. जास्त कमानीचे. पुढचे-मागचे सारे."

किंमत ऐकून मी प्यायला पाणी मागितलं.

१८ मार्च

ठोकळेच. एका नाल्यासाठी कोण सारे पाटे बदलतो?

२० मार्च

जेवताना गोकुळा म्हणाली, "मले बी घेऊन चाला." झालं! जाताना ही, येताना मायलेकी दोघी, आणि खाली लटारूचे ठोकळे. लाकडं पडली तर उचलून परत भरता येतात.

पाटे घेणार. नागपूरचेच. उधारी फेडायला उन्हाळाभर जास्त खेपा मारीन. आता पुन्हा विचार नाही.

लटारू रुसला. "भाऊ, माह्या लोखंडावर भरोसा नाई?" म्हटलं, लोखंडावर आहे रे, उतारावर नाही.

२ एप्रिल

पाटे आले, बसवले. गाडी कशी मान वर करून उभी आहे! सारा गाव पाहून गेला.

पण नवे पाटे कडक. रिकामी गाडी टोळासारखी उडते. गोकुळाला मागे बसवून एक फेरी मारली. उतरली ती बोलतच – "हाडं गोळा करून द्या आता माहे!" मागे रेतीची पोती टाकतो. वजन पडलं की पाटे दबतात, धक्का मरतो.

४ एप्रिल

रेतीने काम केलं. भरली घागर ठेवून फिरवली, अर्धीच सांडली! गोकुळाला त्याचंही कौतुक नाही. चुलीपाशी म्हणाली, "रस्ता खराब हाये तं झिंगू कसा येते दर बजाराले?"

अगं, तो पायी येतो! पायाला चेंबर असतं का?

तिने चुलीतलं लाकूड जोरात आत सारलं.

१० एप्रिल

नाला पार!! पलीकडच्या काठावर बसून लिहितोय. चेंबरला ओरखडासुद्धा नाही. गोकुळा देवाचं नाव घेत होती, मी पाट्यांचं.

१० एप्रिल, दिवस मावळताना

काय लिहू?

चंदाचं घर गावात नाही. सासरच्यांनी दोघांना शेतात खोपडी बांधून दिली आहे. आम्हाला पाहून पोरगी धावली नाही. दारात आडवी उभी राहिली. "बाबा, तुमी काऊन आले?"

मागे बाबुलाल. जावई माझा. एवढ्या उकाड्यात हातांवर घोंगडी! गोकुळाने पुढे होऊन ती बाजूला केली. बोटं आखडलेली, चट्टे पडलेले. महारोग.

"रस्त्याचं मीनंच सांगाले लावलं झिंगूले," चंदा म्हणाली. "तुमी मले नेलं असतं, याले नाई. मी याले टाकून येत नाई, बाबा."

बाबुलाल लांबूनच म्हणाला, "घेऊन जा तिले."

मी काय बोललो? गाडीचं पाणी पाहतो म्हणालो आणि बाहेर आलो! भ्यालो. नाला, वाघ, उतार – कशाला म्हणून भ्यालो नव्हतो. आता गाडीत एकटा बसलोय. पोरगी महिनोन् महिने दार अडवून उभी राहिली, आणि मी तिकडे पाट्यांची कमान मोजत होतो.

११ एप्रिल

मायलेकी मागे, रेतीवर भाताचं तणस अंथरून. बाबुलाल पुढे, माझ्या शेजारी. चांद्याच्या दवाखान्यात या रोगावर गोळ्या देतात म्हणे. आधी तिथे, मग चौघं घरी. उतारावर त्याच्या बोटांना समोरची आधाराची दांडी धरवेना. म्हटलं, "माह्या खांद्याले धर." धरत नव्हता. गाडी थांबवली. धरल्यावरच नाल्यात घातली.