डोईजड इंजिन, भिंतीकडे तोंड केलेला फोटो आणि माझी बाकीची मिळकत

मी, रेल्वेच्या इंजिन शेडमधला फिटर, वय पन्नासच्या जरा अलीकडे, आज स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी दबाव आणलेला नाही. पत्नीने फक्त अक्षर नीट काढायला सांगितले आहे. बिघाड हृदयाच्या एका झडपेत आहे आणि ती बदलायची आहे. झडपा बदलण्याचे काम मी उभा जन्म केले आहे, त्यामुळे सर्जनना मी काही प्रश्न विचारले. ते त्यांना आवडले नाहीत. काम बहुधा नीट होईल. पण आत काय सापडेल हे उघडल्याशिवाय कळत नाही, आणि त्यापुढचे देवाच्या हातात आहे. म्हणून ही लिखापढी.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. बरा झालो तर यात दुरुस्ती करीन.

वकीलबाईंनी दोन गोष्टी बजावल्या आहेत. एक, दोन साक्षीदार लागतात आणि त्यांनी मला सही करताना डोळ्यांनी पाहायला हवे, म्हणजे त्या वेळी माझ्याबरोबर एकाच खोलीत बसायला हवे. दुसरी, ज्याला या कागदातून काही मिळणार आहे, त्याला साक्षीदार करू नये. हे मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतले. त्या म्हणाल्या, "काय झालं, काका?" मी म्हणालो, "काही नाही, सोय झाली." सोय कसली, ते शेवटी येईल.

कलम पहिले. घर. घर वडिलांनी बांधले. वरचा मजला थोरल्या भावाच्या नावावर आहे, खालचा माझ्या. याबद्दल आमचा कधीही वाद झालेला नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण शेजाऱ्यांचा समज वेगळा आहे. खालचा मजला माझ्या पश्चात पत्नीचा आणि तिच्या पश्चात मुलीचा. जिना दोघा भावांचा आहे. तो मला कोणाला देता येत नाही.

कलम दुसरे. बँकेत जे असेल ते पत्नीचे. तिने ते स्वतःसाठी खर्च करावे. ती करणार नाही, तरी लिहून ठेवतो.

कलम तिसरे. हत्यारे. सगळे पाने, हातोड्या, कानशी आणि मापाची हत्यारे मुलीला. ती लिफ्टच्या कंपनीत मेकॅनिक आहे. मी एकदा म्हणालो होतो, "इंजिनं सोडून लिफ्ट कसली दुरुस्त करतेस?" तर म्हणाली, "बाबा, लिफ्ट म्हणजे उभी गाडीच. फक्त स्टेशनं एकमेकांच्या डोक्यावर." गोल कानस ओल्या फडक्यात ठेवू नये. लांब दांड्याचा पाना घरात सापडणार नाही. तो शेडच्या फोरमनने नेला आहे. विचारले तर तो "कुठला पाना?" म्हणेल. त्याच्या टेबलाच्या खालच्या खणात आहे.

कलम चौथे. मंडळ. आमचे एक इंजिनप्रेमी मंडळ आहे. ते माझ्या वडिलांनी काढले. जुन्या पार्सल ऑफिसच्या वरची खोली रेल्वेने आम्हाला वापरायला दिलेली आहे, कारण ती दुसऱ्या कोणाच्या उपयोगाची नव्हती. मंडळी तिथे जमून इंजिनांविषयी बोलतात. देखण्या इंजिनांविषयी बोलणे लवकर संपते, सगळे माना डोलावतात आणि चहा येतो. कुरूप इंजिनांविषयी मात्र प्रत्येकाचे ठाम मत असते. म्हणून वडिलांनी नियम घातला, की दरवर्षी मतदान घेऊन सर्वांत कुरूप इंजिन ठरवायचे आणि पुढच्या मतदानापर्यंत त्याचा फोटो भिंतीकडे तोंड करून टांगायचा. ज्या इंजिनाला स्वतः हात लावलेला नाही, त्याला नावे ठेवायची नाहीत, हाही नियम त्यांचाच.

ज्यांना आमच्या मतदानाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तीन इंजिने नेहमी पुढे असतात. पहिले 'कपाट'. ते विजेवर चालते, चारी बाजूंनी सरळसोट आहे, पुढच्या अंगाला दोन दारे. चाकांवर कपाट ठेवून कोणी किल्ली हरवल्यासारखे दिसते. दुसरी 'बेडकी', पसरट तोंडाची, दिवे कपाळावर. तिसरे 'डोईजड'. त्याचा कारखाना म्हणे इंजिन पुरते बांधून मोकळा झाला, आणि मग पाणी थंड करायची पेटी आत मावेना. तेव्हा ती तशीच डोक्यावर चढवली. त्या पेटीमागे ड्रायव्हरची खोली. समोरच्या काचेतून ड्रायव्हरला पेटीखेरीज काहीही दिसत नाही.

डोईजड माझे वडील चालवीत.

मंडळातला माझा सगळा फोटोसंग्रह मंडळालाच द्यावा. मंडळाच्या भिंतीवरच्या एका फोटोबद्दल मात्र वेगळे लिहायचे आहे.

कलम पाचवे. थोरल्या भावाला काहीही नाही. एक चमचाही नाही, एक खिळाही नाही. माझा जुना रेडिओ त्याला हवा आहे, असे वहिनींकडून कळले आहे. तोही नाही.

हे कलम वाचून कोणी वाईट वाटून घेऊ नये, निदान पुढचे वाचेपर्यंत.

मंडळाच्या आजवरच्या शेवटच्या सभेला दातांचे डॉक्टर प्रथम बोलले. ते आमचे जुने सभासद, आणि इंजिनाचा जबडा पाहिल्याशिवाय मत देत नाहीत. "डोईजडचा खालचा भाग बघा," ते म्हणाले. "हनुवटी पुढं, वरचे दात मागं. लहानपणीच तार बसवायला हवी होती." सगळे हसले, मीही हसलो. मग मते पडली आणि कपाट व डोईजड यांना सारखी झाली. अशा वेळी अध्यक्षाचे जादा मत. अध्यक्ष माझा थोरला भाऊ. तोही ड्रायव्हर, वडिलांच्या हाताखालीच शिकलेला.

तो म्हणाला, "मी हे चालवलंय. नुसतं दिसायला वाईट असतं तर मी काही बोललो नसतो. पण यातून पुढचंही दिसत नाही. माझं मत डोईजडला."

आणि तो फोटो भिंतीकडे फिरवायला उठला. मी म्हणालो, "दादा, त्या फोटोत बाबा आहेत."

"माहीत आहे. फोटो मीच काढलाय."

"मग?"

"मग काय? नियम बाबांचाच आहे."

त्याने फोटो फिरवला. चहाच्या वेळी मी तो सरळ केला. चहा संपल्यावर त्याने परत फिरवला. मी म्हणालो, "बापाला भिंतीकडे तोंड करून उभं करतोस?" तो म्हणाला, "बापाला नाही, इंजिनाला. तुला मतदान समजत नसेल तर सचिव कशाला झालास?" डॉक्टर मध्ये पडले, "अहो, दोघांनी तोंड मिटा." ते हे वाक्य फार क्वचित म्हणत असतील.

त्या दिवसापासून आम्ही बोलत नाही. फोटो दुसऱ्या दिवशी काढून आणता आला असता, पण मंडळाच्या भिंतीवरचे काही सभेच्या ठरावाशिवाय हलवायचे नाही, असाही एक नियम आहे. तोही बाबांचा. फोटो सरळ व्हायचा तर नवे मतदान हवे. मतदानाला सभा हवी. सभेची नोटीस सचिवाने काढायची आणि तिच्यावर अध्यक्षाने सही करायची. सचिव खाली राहतो, अध्यक्ष वर. त्यामुळे गेली कितीतरी वर्षे सभा नाही, आणि डोईजड अजूनही सर्वांत कुरूप आहे.

घरात आमचा कारभार वहिनींमार्फत चालतो. भाऊ जिन्याच्या वरच्या टोकाला उभा राहून विचारतो, "मोटर चालू करू का, विचार त्याला." मला ते स्वच्छ ऐकू येते. तरी वहिनी खाली येतात आणि म्हणतात, "भावजी, हे विचारतायत, मोटर चालू करू का?" मी म्हणतो, "करा म्हणावं." वरून मोटर सुरू झाल्याचा आवाज येतो. मग वहिनी वर जातात आणि त्याला सांगतात, करा म्हणाले. त्यांच्या गुडघ्यांचा विचार आम्हा दोघांपैकी कोणीच केला नाही. माझा रेडिओ वहिनींना द्यावा. त्या साक्षीदार नाहीत.

आता भावाला राग कसला होता ते मला ठाऊक नाही, पण माझा कसला होता ते लिहितो. आई लवकर गेली. भाऊ मोठा, म्हणून तो बाबांबरोबर रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहिला. मी लहान, म्हणून मला गावी आत्याकडे ठेवले. गावच्या शाळेच्या खिडकीतून रूळ दिसत. तिथे गाडी थांबत नसे. दिवसभरात पुष्कळ गाड्या जात, आणि त्यांतली बाबांची कुठली हे मला फार लांबून कळे, कारण डोक्यावर पेटी घेतलेले इंजिन दुसरे नव्हते. देखणे असते तर चारचौघांत हरवले असते. आणि पुढचे दिसत नसल्यामुळे ड्रायव्हरला खिडकीतून कंबरेपर्यंत बाहेर वाकावे लागे. दुसऱ्या कुठल्याही इंजिनाचा ड्रायव्हर काचेआड राहून निघून गेला असता. बाबा मला पूर्ण दिसत. चेहरा, टोपी, हात. मास्तर म्हणत, "बघून घे आणि खाली बस." मी बघून घेई आणि खाली बसे. मला बाबा एवढेच मिळाले. तक्रार म्हणून सांगत नाही. पुष्कळांना तेवढेही मिळत नाहीत, आणि रोज हात जोडताना मी त्याबद्दल आभारच मानतो.

दवाखान्याची तारीख ठरली त्या दिवशी वहिनी खाली आल्या. मोटरचे काही काम नव्हते. त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "भावजी, एक सांगू? हे म्हणत होते, फोटो फिरवायचा नियम बाबांनी कशासाठी केला ते तुम्हाला माहीतच नाही. तुम्ही तेव्हा गावी होतात."

मी विचारले, "कशासाठी?"

"बाबा म्हणायचे, लोक येता-जाता त्या इंजिनाला हसतात. वर्षभर त्याला जरा आराम द्यावा. कोणाच्या नजरेत नको."

वर जिन्याच्या टोकाशी पाऊल वाजले. म्हणजे तो ऐकत होता. मी म्हणालो, "वहिनी, हे तो मला तेव्हाच का बोलला नाही?" हे मी जरा मोठ्याने म्हणालो. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही विचारलंत कुठं?" आणि वर गेल्या.

मी यावर विचार केला. डोईजड कुरूप आहे, हे मला मान्य आहे. त्याला झाकून ठेवणारा आणि त्याला उघडे ठेवू पाहणारा, दोघेही एकाच माणसाची मुले आहेत, हेही मान्य आहे. फक्त त्याला बाबा घरात मिळाले आणि मला खिडकीत, म्हणून त्याच्याकडे त्यांचे बोलणे आहे आणि माझ्याकडे त्यांचा चेहरा. एका वर्षाचा आराम मला कबूल आहे. एवढा मोठा नको.

कलम सहावे. सबब, मंडळाचा सचिव या नात्याने मी जाहीर करतो, की हे मृत्युपत्र हीच वार्षिक सभेची नोटीस समजावी. विषय एकच: सर्वांत कुरूप इंजिनाची नवी निवड. नोटिशीवर अध्यक्षाची सही लागते. अध्यक्षाने या कागदावर साक्षीदार म्हणून सही केली, की ती झाली, असे मी समजतो. साक्षीदाराला काही मिळता कामा नये, म्हणून कलम पाचवे तसे लिहिले आहे. भावाला दुसरे काही देण्यासारखे माझ्याकडे नव्हते असे नाही. पण मला त्याला या टेबलाशी बसवायचे होते, आणि त्याला काही दिले असते तर तो बसू शकला नसता.

माझे मत कपाटाला. त्याला मी स्वतः हात लावलेला आहे. त्याच्या दाराने माझे बोट चेमटले होते. मी सभेला नसलो तर माझे मत मुलीने मांडावे आणि निकाल काहीही लागला तरी कोणी कोणाशी बोलणे सोडू नये. फोटो सरळ झाला तर त्याची काच पुसावी. ओल्या फडक्याने नको.

कलम सातवे. माझ्या अंत्यविधीला कोणी भाषण करू नये. डॉक्टरांनी तर नाहीच.

वरील सगळे मी वाचून पाहिले आहे आणि ते माझ्या मनासारखे आहे. देवाने जेवढे चालवले तेवढे चाललो. आता खाली सही करतो, हे दोघांनी पाहावे.

स्थळ: राहत्या घराचा खालचा मजला, स्वयंपाकघर.
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आधीचा रविवार, सकाळी.

सही: (मृत्युपत्र करणारा, फिटर)

साक्षीदार पहिला: मृत्युपत्र करणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. भाषणाबद्दलचे कलम वाचले. खेद वाटला.
सही: (दातांचे डॉक्टर)

साक्षीदार दुसरा: मी जिना उतरून येऊन, समोर बसून, सही करताना पाहिले. अक्षर नीट काढले आहे. इंजिन कुरूपच आहे. नोटीस मिळाली. सभा सचिव दवाखान्यातून घरी आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी होईल. मुलीने मत मांडलेले चालणार नाही. सचिवाने स्वतः हजर राहायचे आहे.
सही: (थोरला भाऊ, अध्यक्ष)