श्वासाचं माप

केशान,
१४ ऑक्टोबर १९८७

प्रिय झेकी आबी,

थोरल्या भावाचे म्हणून तुझे हात चुंबून कपाळाला लावते. आई बरी आहे, थंडीने गुडघे कुरकुरतात तेवढंच. बाबाही बरे आहेत. घरात शेगडी बसवली. धुराड्याची नळी यंदाही वाकडी बसली आणि यंदाही बाबा म्हणाले की भिंतच वाकडी आहे. तू जर्मनीहून पाठवलेली लोकर पोचली. माझ्या वर्गात आपल्या वाजवणाऱ्यांच्या वस्तीतली एक मुलगी आता स्वतःचं नाव लिहायला शिकली आहे. ते ती सगळीकडे लिहिते, बाकावर, हातावर, माझ्या कोटाच्या बाहीवरसुद्धा.

आता एक प्रश्न, ज्याचं उत्तर माझ्याकडे नाही. शनिवारी इस्तंबूलला नुबार उस्तादांनी मला विचारलं, "हे कोण फुंकणार?"

आपल्या शेनोलने त्यांच्याकडे नवं क्लॅरिनेट बनवायला सांगितलं होतं, हे मी तुला मागे लिहिलं होतं. त्याच्या जुन्या पत्र्याच्या क्लॅरिनेटच्या चाव्या रबराने बांधलेल्या असायच्या. एका लग्नात सुराच्या ऐन मध्यात रबर तुटलं, तेव्हा तो म्हणाला, "आता लाकडाचंच घेणार, नाहीतर ढोल बडवायला लागणार." नुबार उस्ताद दुकानदारांना माल देत नाहीत. वाजवणाऱ्याने स्वतः जायचं, त्यांच्यासमोर फुंकायचं. ते डोळे मिटून ऐकतात, आणि मग कुठे लाकूड निवडतात. शेनोलला त्यांनी दिवसभर बसवून घेतलं होतं. त्याच्या तुटक्या दातातून हवा कुठे निसटते, तेही बघितलं. "तयार कोट सगळ्यांना चढतो, बसत कुणालाच नाही," ते म्हणाले होते, आणि शेनोल महिनाभर वस्तीत त्यांची नक्कल करत फिरत होता.

कारखाना गलाताच्या उतारावर आहे, तळघरात. आत बदामाच्या तेलाचा वास. क्लॅरिनेट तयार होतं, आबनुसाचं, काळंभोर. पण पूर्ण नव्हतं. भोकं ते मुद्दाम अरुंद ठेवतात आणि वाजवणारा आला की त्याच्या श्वासावर एकेक मोकळं करतात. मी सांगितलं, मी शेनोलची बहीण, न्यायला आले. ते म्हणाले, "बहिणीच्या हाती कसं देऊ? त्याला पाठव. अर्ध्या दिवसाचं काम आहे." तो येऊ शकत नाही, मी म्हटलं. "आजारी आहे?"

आबी, इथे मला थांबलं पाहिजे. त्यांना जे सांगितलं, ते आधी तुला सांगायला हवं होतं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला आईने हलवा भाजला. शेजारणी आळीपाळीने कढईत ढवळत होत्या, आणि वास अख्ख्या वस्तीत गेला. आपल्याकडे हलवा कशासाठी भाजतात, तुला ठाऊक आहे. आपला शेनोल गेला.

तुला कळवायचं नाही, असं बाबांनी ठरवलं. तुझ्याकडे कागदपत्रं नाहीत. तू इथे आलास तर परत जर्मनीत शिरू शकणार नाहीस. एक मुलगा मातीत गेला, दुसऱ्याची भाकरी तरी जाऊ नये, असं ते म्हणाले. तेव्हा मला ते पटलं. आता वाटतं, तुला न कळवणं हाही त्याच गप्प राहण्याचा एक भाग होता. म्हणून सगळंच लिहिते.

हांदान आठवते? शिक्षक-विद्यालयात माझ्या खोलीत राहायची. तिच्या लग्नाची पत्रिका मला आली. आबी, आपल्या घरात कुणाला लग्नाची पत्रिका येण्याची ही पहिलीच वेळ. आपल्याला निरोप येतात, अमुक दिवशी वाद्यं घेऊन या म्हणून. वाजवायलाही आपल्याच लोकांना बोलावलं होतं, व्हायोलिनवर बाबा आणि क्लॅरिनेटवर शेनोल. मी निळा पोशाख घालून पाहुण्यांत बसले. मला वाटत होतं, शिकलं की माणूस टेबलाच्या त्या बाजूला जातो, आणि एकदा एक गेला की बाकीच्यांना वाट होते. शेनोल वाजवत माझ्या खुर्चीशी आला, कानाजवळ वाकला, मग ओठ बाजूला करून म्हणाला, "मास्तरीणबाई, वाजवणाऱ्याच्या कपाळाला नोट लावा, नाहीतर गाव म्हणेल शिकलेली बहीण चिकट निघाली." मी नोट ओली करून त्याच्या कपाळाला चिकटवली. तो हसला. त्याचा तुटका दात दिसला.

तिथून तो शेजारच्या टेबलाशी गेला. तिथे नवरदेवाचा चुलता बसला होता, जमीनदार रुश्तू आगा. त्याने डाव्या हाताने शेनोलची मान जवळ ओढली, कानात वाजव म्हणाला. उजव्या हातात पिस्तूल होतं. आनंदाचे बार आकाशात उडाले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पिस्तूल अडकलं. ते खाली आणून तो त्यात बघू लागला. मान मात्र सोडली नव्हती. तेव्हा तो बार सुटला.

जबान्या झाल्या. कुठून तरी भरकटलेली गोळी आली, असं सगळे म्हणाले. हांदान काहीच म्हणाली नाही, ती त्या घरची सून आहे. बाबांनी सांगितलं, मी डोळे मिटून वाजवत होतो. मला कुणी विचारलं नाही.

बाबांवर रागावू नकोस. वस्तीतल्या बायकांनी मला तोंडावर सांगितलं, तुझं पोट पगारावर, आमचं लग्नांवर. यजमानाविरुद्ध बोलणाऱ्याला पुन्हा कोण बोलावणार? एकट्या बाबांना नाही, आपल्या सगळ्यांनाच. हे खोटं नाही.

मग आगाकडून दोन माणसं आली. बाबांच्या हातचा चहा प्यायली. आगाला फार दुःख आहे म्हणाली. मुलाने इस्तंबूलला क्लॅरिनेट सांगितलं होतं ना, ते आगा स्वतः सोडवून आणेल आणि तुमच्या हाती देईल. वसंतात त्याच्या मुलाचं लग्न आहे. ते घेऊन या, वाजवायला कुणालाही आणा. मग कुणाच्या मनात काही राहणार नाही. बाबा नाही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "बघू."

त्या क्लॅरिनेटचा सूर आगाच्या अंगणात वाजला असता तर शेनोल दुसऱ्यांदा मेला असता, आणि या वेळी आपल्या हातून. म्हणून मी इस्तंबूलची बस पकडली.

नुबार उस्तादांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी हातातली कानस खाली ठेवली. मग म्हणाले की चामड्याच्या कोटातला एकजण आधीच येऊन गेला. "पैसे ठेवले आणि म्हणाला, बांधून दे. मी विचारलं, कोण फुंकणार? म्हणाला, तुला काय करायचंय. मी म्हटलं, मग तू तरी काय करणार आहेस, घरी जा." मी राहिलेले पैसे दिले. ते त्यांनी मोजले नाहीत. भोकं मात्र त्यांनी मोकळी केली नाहीत. "हे त्याच्या मापाचं आहे. अर्धवटच ने. वाजवायला कुणी दुसरा उभा राहिला तर त्याला घेऊन ये, तेव्हा बघू." दारापर्यंत आले आणि पुन्हा तेच विचारलं, कोण फुंकणार. त्यांना बहुतेक उत्तर नको होतं.

घरी आणलं तेव्हा बाबा पायरीवर बसले होते. त्यांनी पेटी उघडली, एकेक तुकडा हातात घेतला आणि अंगठा भोकांवरून फिरवला. त्यांना लगेच कळलं की ते पूर्ण झालेलं नाही. म्हणाले, "आगाला काय सांगू?"

मी म्हटलं, सांगू नका काही. मीच सांगणार आहे, पण त्याला नाही, सरकारी वकिलाला.

"आपण डोळे मिटून वाजवतो, पोरी. डोळे उघडे ठेवणाऱ्याला लग्नाला कोण बोलावतं?"

आबी, मग मी ते बोलले, जे महिनाभर गिळून होते. "बाबा, बार सुटायच्या आधीच व्हायोलिन थांबलं होतं."

आत आई भांडी घासत होती, तिचा हात थांबला. बाबांनी इतकंच विचारलं, "तू ऐकलंस?"

"ऐकलं. तुमचीच मुलगी आहे मी."

ते उठून आत गेले. पेटी तिथेच राहिली. मी ती उचलून शेनोलच्या गादीवर ठेवली. ती अजून तिथेच आहे. मी जे केलं त्याने वस्तीचं काय होईल, वसंतात कुणाच्या घरी चूल पेटेल आणि कुणाच्या नाही, हे मला माहीत नाही. कॉलेजात शिकवलं होतं की सत्याची बाजू घ्यावी. सत्याच्या शेजारी कोण कोण राहतं, ते शिकवलं नव्हतं. रस्त्यात बायका माझ्याशी बोलत नाहीत. आज वर्गात ती नाव लिहिणारी मुलगी आली नाही.

तू येऊ नकोस. तिथेच त्याच्यासाठी दुआ कर. रागावलास तर माझ्यावर रागाव, बाबांवर नको.

सोमवारी सकाळी मी निळा पोशाख घातला आणि सरकारी वकिलाच्या कचेरीत गेले. पिस्तूल कुणाच्या हातात होतं आणि मान कुणी धरली होती, ते नावानिशी सांगितलं आणि सही केली. व्हायोलिनचं सांगितलं नाही. ते बाबांचं आहे, त्यांनीच सांगायचं.

तुझी, त्या दिवशी डोळे उघडे असलेली बहीण,
नेरिमान