दोनच वारस

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तुझ्यावरचा माझा राग उतरलेला नाही. तो उतरावा म्हणूनही मी हे लिहीत नाही. एकदा सगळं सरळ सांगून टाकायचं आहे, आणि ऐकून घ्यायला तू नाहीस, म्हणूनच जमेल असं वाटतं.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली वडील गेले. सकाळी छातीत कळ आली आणि दुपारच्या आत सगळं आटोपलं. मृत्युपत्र वगैरे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. रान त्यांच्या आणि काकांच्या नावावर सामाईक, विहीरही सामाईक. मी तेव्हा चोवीस वर्षांची, पुणतांब्याच्या सासरहून परत आलेली. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी आणली आणि मला एस.टी.त बसवून दिलं. तीन वर्षं मी तुझ्या रानात खुरपत होते, तुझ्या चुलीपुढं बसत होते, आणि त्याला तू कधी बरं म्हटलं नाहीस की वाईट.

तेराव्यानंतर नवा तलाठी वारसांची नोंद घ्यायला घरी आला. मी आत चहा टाकलाय. ओट्यावर काका, दोघे भाऊ, आणि उंबऱ्याच्या आत तू, पदर पुढे ओढून. "वारस किती?" तलाठी विचारतो. काका सांगायला लागतात, तोच तू बोलतेस, "दोन ल्योक."

"मुलगी?"

"न्हाई, भाऊसाहेब. दोनच."

मी कपबशा घेऊन बाहेर येते. तलाठी माझ्याकडे बघून विचारतो, "ह्या कोण?" आणि तू, माझी आई, म्हणतेस, "पाव्हनी हाय."

दादा खाली मान घालून बसला. मी चहा दिला, सगळ्यांना दिला. कप तिथंच आपटायला हवे होते, असं मला आजही वाटतं.

संध्याकाळी मी विचारलं, "आई, मी पाव्हनी व्हय?" तू भाकरी थापतच राहिलीस. "भावांच्या दारात ऱ्हायचं आसंल तर नाव मागू नगं. नावावर भाकर मिळत न्हाई, भावावर मिळती." एवढ्यावर थांबली असतीस तर मी कदाचित गप्प बसले असते. पण तू पुढं म्हणालीस, "नवरा सांभाळता आला न्हाई, आन् निघाली जिमीन सांभाळाया."

तिसऱ्या दिवशी बाजाराच्या निमित्तानं मी शेवगावला गेले. कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारा एक म्हातारा बसायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "सगळ्या रानात भावांएवढा वाटा मिळायचा नाही," तो म्हणाला, "पण मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या हिश्श्यात बायको, मुलगे, मुली सगळे सारखे." मग चष्मा वर करून म्हणाला, "दोनच वारस म्हणता? मग तुमच्या आईचं नाव कुठाय?" तोवर ते माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. मला खोडताना तू स्वतःलाही खोडलं होतंस. तुझी कीव यायला हवी होती. मला उलट जास्तच चीड आली, आणि तिथंच मी त्याच्याकडून आपल्या दोघींच्या नावांसाठी हरकतीचा अर्ज लिहून घेतला.

हरकतीची चौकशी महिन्याभरानं चावडीवर झाली. निम्मं गाव जमलेलं. तलाठ्याच्या वरच्या सर्कलसाहेबांनी तुला माझ्यासमोर उभं केलं. "बाई, खरं सांगा. ही कोण?" तू पदर पुढं ओढलास. मग म्हणालीस, "माझीच हाय. पन ती हक्क सोडती, साहेब."

"न्हाई सोडत," मी म्हणाले. इतक्या मोठ्यानं, की माझी मीच दचकले.

नोंद झाली. दोघे भाऊ, मी, आणि तूही. अंगठ्याची शाई तू पदराला पुसलीस आणि घरी येऊन माझी पेटी अंगणात ठेवलीस. "जा, आता तुझ्या नावावर जाऊन ऱ्हा."

मी गेले. शेवगावात मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागले आणि म्हातारी होईपर्यंत तिथंच राहिले. पुढं वाटण्या झाल्या, माझा वाटा मला मिळाला, भाऊ वेगळे झाले; तुझं नाव दादाच्या रानावर राहिलं. दादाला विहिरीजवळचं रान विकायचं होतं, पण तुझ्या अंगठ्याशिवाय ते जमण्यासारखं नव्हतं. म्हणूनच तो तुला नीट सांभाळतो, असं धाकट्या भावजयीनं मला बाजारात गाठून सांगितलं. त्या अंगठ्यासाठी मी भांडले होते, आई. तू एकदाही निरोप धाडला नाहीस. अंथरुणाला खिळलीस तेव्हाही नाही. मी आले ती थेट दहाव्याला.

मग तुझ्या हिश्श्याची नोंद निघाली. या वेळी दादानं स्वतःहून माझं नाव सांगितलं. मी कचेरीत गेले आणि तुझ्या हिश्श्यातला माझा हक्क दोघा भावांना सोडून दिला. गाव म्हणालं, बाईचं मन मोठं. दादा तर रडला. मी कुणालाच काही बोलले नाही. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून इथं लिहिते. वडिलांचा हिस्सा मी भांडून घेतला, तो माझा होता. तुझ्याकडून आलेलं वीतभर रानही मला नको होतं. ते घेतलं असतं तर तुझ्यावर रागवायला मला तोंड राहिलं नसतं, आणि मला तेवढा रागच हवा होता.