मानेवर हात

३ तारीख, सोमवार
लागली एकदाची नोकरी! राहायला आवारातच दोन खोल्या, नळाला दिवसभर पाणी. माझी आठ वर्षांची लेक, आमची मिरची, आल्याआल्या कुठला पलंग कुणाचा यावरून तासभर भांडली आणि जिंकलीसुद्धा. मनोरुग्णालयात मी पहिल्यांदाच काम करणार, पण मेट्रनबाई समजूतदार वाटल्या. रुग्ण चिडला तर वाद घालायचा नाही, दोन हात लांब उभं राहायचं, आवाज खाली ठेवायचा, त्याची दाराकडची वाट अडवायची नाही, असं सगळं त्यांनी नीट शिकवलं. जमेल मला.

८ तारीख, शनिवार
जमतंय कसलं डोंबल! चाळीस रुग्ण आणि आम्ही दोघी. एकाशी हळू आवाजात बोलत बसले की दुसरा खुर्ची उचलतो. आज औषधांची ट्रॉली उलथवली ती पहिलवानाने. धिप्पाड आहे म्हणून सगळे त्याला असंच म्हणतात. दिवसभर त्याचा एकच घोषा, बायकोने मला इथे कोंडलं, तिचा गळा दाबीन. आणखी माणसं द्या म्हणून मेट्रनबाईंकडे गेले, तर सांभाळून घ्या म्हणे. अर्ज लिहिला, तर तीन प्रतींत लिहा म्हणे. माझं डोकंच फिरलं.

११ तारीख
पहिलवान अंगावर धावून आला. मी शिकलेलं सगळं विसरले आणि मिरचीला धरते तसा त्याच्या मानेवर उजवा हात ठेवला, म्हटलं पुरे आता. आणि तो चक्क खाली बसला! माझा हात मात्र तव्याला लागावा तसा भाजला. संध्याकाळी उशीर केला म्हणून दूधवाल्याला झापलं. गळा दाबीन म्हणाले मी त्याला. मी? शी!

१९ तारीख
वॉर्डात कुठे आवाज चढला की मलाच हाक. काम चांगलं केलं की शिक्षा म्हणून आणखी काम! चौदा जण शांत केले. मेट्रनबाई खूश, माझा अर्ज मात्र हरवला. पण ते चौदा जण नुसते शांत नाहीत. समोरचं ताट उचलून नेलं तरी हूं की चूं नाही. पहिलवानाला मुद्दाम बायकोबद्दल विचारलं, तर कोण बायको म्हणाला. त्यांचा राग कुठे गेला ते मला विचारा. माझ्या छातीत चौदा जण एकदम ओरडतात.

२३ तारीख
गृहपाठावरून मिरचीने आकांत मांडला. मी दमले होते. सवयीने हात तिच्या मानेवर गेला. पोर एका क्षणात गप्प. देवा, काय करून बसले मी हे!

२६ तारीख
चिडवलं. वेणी ओढली. तिची लाडकी बाहुली तिच्यासमोर मोडली. बरं म्हणाली. सगळ्याला बरंच म्हणते. मला माझी भांडखोर पोर परत हवी आहे! मेट्रनबाईंना सांगितलं, तर नशीब काढलंत म्हणाल्या, इतकी गुणी मुलगी. त्यांच्याच मानेवर एकदा—

२९ तारीख
सुचलं. हात घेतो, तर देईलही. तिचा राग ओळखते मी, बारीक, चिरका. तेवढाच निवडून—

३० तारीख, दुपार
हात ठेवला. तिचा राग सोडला. ती किंचाळली, आणि मला इतका आनंद झाला! पोटाशी धरलं. मग कळलं, आवाज तिचा नाही. जाड, घोगरा. बायकोने मला इथे कोंडलं—

माझ्या छातीत आता कुणीच नाही. सगळेच्या सगळे तिच्यात गेले.

आतल्या खोलीत कडी लावून बसले आहे. ती दाराला धडका देते आहे. एवढासा जीव, हाडं मोडतील तिची. हात ठेवला तर पुन्हा नुसतं बरं, बरं. नाही ठेवला तर—

मध्येच बारीक आवाज आला. आई, दार उघड. तीच! त्या सगळ्यांच्या आत आहे ती!

कडी निघतेय. डाव्या हाताने लिहितेय, उजवा तयार ठेवलाय. बाकीचे सगळे काढायचे, तिचा तेवढा ठेवायचा. सगळे एकदमच बोलताहेत. त्यात ती नेमकी कुठली, ते मला—