करंट आणि माझी कॉफी

४ ऑगस्ट, सकाळी
पुढच्या खोलीतले दोन माग काढून कॉफी शॉप चालू केलं. मागच्या खोलीतले माझी बायको माधवी चालवते. वडगावात विणकर पुष्कळ, पण घटकाभर बसून बोलायला जागा नाही. ती सोय मी केली. माधवीनं दसऱ्यापर्यंत मुदत दिलीय. गल्ली जमली नाही तर इथं परत माग. जमणारच. मशीन बेंगळूरचं आहे. बटण दाबलं की फेसासकट कॉफी.

९ ऑगस्ट
कोणी नाही. शेजारच्या आण्णाप्पाला बोलावलं. म्हणाला, माग चालू हाय रं, धागा तुटला तर कोण बघणार? लोकांना सवय लागायला वेळ लागतो.

१२ ऑगस्ट, दुपारी
करंट गेला. गल्लीतले माग एकदम थांबले आणि दुकान भरलं. आण्णाप्पा, भावकू, जयाबाई, सगळी. अंगावर काटा आला. बटण दाबलं. मशीनलाही करंट लागतो, हे तेव्हा ध्यानात आलं. सगळ्यांना पाणी दिलं.

त्याच दिवशी, नंतर
करंट आला. मशीन चालू. दुकान रिकामं.

२० ऑगस्ट
इन्व्हर्टर बसवला. बसवणारा म्हणाला, पंखा चालंल, मशीन न्हाय ओढणार. पंखा तर पंखा. सुरुवात वाईट नाही.

२ सप्टेंबर
करंट ऑफिसात गेलो. गल्लीचा जाऊ दे, माझ्या दुकानाचा तेवढा ठेवा, अशी विनंती केली. तिथल्या मॅडमनी शांतपणे ऐकलं, मग शेजारच्या क्लार्कला कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं. दोघं हसले. मला कन्नड येतं, हे त्यांना ठाऊक नसावं. पॉझिटिव्ह राहायचं.

१५ सप्टेंबर
सापडलं. करंट असताना कॉफी करून थर्मासमध्ये भरून ठेवायची. एवढं सोपं, आणि कुणाला सुचलं नाही.

२४ सप्टेंबर
थर्मास आणल्यापासून करंट गेलेलाच नाही. गल्ली खूश आहे. रोजची कॉफी मी एकटाच संपवतो. झोप येत नाही.

२९ सप्टेंबर
कंटाळून थर्मास भरले नाहीत. दुपारी करंट गेला. दुकान गच्च. मी पाण्याला उठलो, तोवर माधवी गॅसवर चहा करून घेऊन आली. भावकू म्हणाला, वैनी, लई झ्याक. मग मला विचारलं, हे आधी का न्हाय केलंस? बोर्डावर कॉफी लिहिलंय, असं मी त्याला समजावून सांगितलं.

१ ऑक्टोबर
उद्या दसरा. आज परत करंट गेला, परत गल्ली आली, परत चहा. जयाबाई म्हणाली, साईनाथ, बंद करू नगं रं, हितं लई बरं वाटतंय. मी मोठ्या आशेनं माधवीकडं बघितलं. ती म्हणाली, करंट गेल्यावर मागाच्या कडंला बी बसता येतंय, चहा मी देतेच की. सगळ्यांना पटलं. मला फार वाईट वाटलं, पण पटलं मलाही.

करंट आला, सगळी उठून गेली. आण्णाप्पा तेवढा मागं थांबला. दोन माग कसे बसतील ते मोजायला त्यानं खिशातून टेप काढला आणि एक टोक माझ्या हातात दिलं. मी धरलं.